नाक मुठीत धरून

‘‘सर्दी झालीय का गं?’’

गेल्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मला फोन केलेल्या प्रत्येक माणसाचं पहिलं वाक्य हेच. आईचं, मैत्रिणींचं, एचआरचं, इतकंच काय, क्रेडिट कार्ड विकायला फोन करणाऱ्या त्या मुलीचंसुद्धा. (तिने वर ‘टेक केअर मॅम’ असंही म्हटलं. कार्ड मी तरीही घेतलं नाही.)

‘म’ आणि ‘न’ ही अनुनासिकं आहेत, हे आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. त्याचं प्रॅक्टिकल इतक्या वर्षांनी द्यावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं. नाक पार बंद झालं की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘द’. त्यामुळे दर सोमवारी सकाळी मी ‘बंडे बॉर्दिंग बीटिंग’ला हजर असायचे. शेजारच्या क्युबिकलमधला पोरगा त्या शब्दावर पाच मिनिटं हसायचा. मी पण हसायचे. तेव्हा ते विनोदीच वाटत होतं.

आता पुण्यात नाक चोंदणं ही काही बातमी नाही. पावसाळा संपला की इथे अर्धं शहर शिंकतं. त्याला कारणंही तशीच आहेत. पावसावर माजलेलं गवत फुलोऱ्यावर येतं. त्यात आपलं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आघाडीवर. हे गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं तेच मुळी पुण्यात, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानतात. तेव्हापासून मोकळा प्लॉट दिसला की हे पाहुणे तिथे मुक्कामाला. शिवाय चार महिन्यांच्या दमट हवेत भिंतींवर बुरशी धरलेली असते, आणि गाद्या-उशांमध्ये माइट्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव सुखाने नांदत असतात. अशा मोक्याच्या वेळी आपण काय करतो? दिवाळीची साफसफाई! माळे उपसायचे, गाद्या झोडपायच्या, पडदे झटकायचे. वर्षभराची धूळ एकदम नाकात. मग फटाक्यांचा धूर, आणि मग पहाटेची थंडी. बिचाऱ्या नाकाने करायचं तरी काय?

माझं अगदी असंच सुरू झालं. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि रूममेटने कोथरूडचा आमचा टू बीएचके झाडून काढला आणि सोमवारी सकाळी मला ओळीने एकवीस शिंका आल्या. (रूममेटने मोजल्या.) डोळे चुरचुरतायत, टाळूला आतून खाज येतेय, नाकातून पाणी गळतंय. ताप नाही, अंगदुखी नाही. दर वर्षी याच महिन्यात हेच होतं, हे मला माहीत होतं. तरी आपण त्याला ‘सर्दी’ म्हणतो आणि सोडून देतो. व्हायरसची सर्दी आठ-दहा दिवसांत आपला गाशा गुंडाळते. माझी महिना झाला तरी ठाण मांडून. ही ॲलर्जी आहे, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मग उपाय सुरू झाले. उपाय सुचवायला भारतात डिग्री लागत नाही. आईचा सांगलीहून फोन, ‘‘ओवा तव्यावर भाज, फडक्यात पुरचुंडी बांध आणि हुंगत बस.’’ मावशीचं म्हणणं, सुंठ उगाळून कपाळाला लाव. टीम लीड म्हणाला, काही नाही, मिसळ खा, तर्री जास्त मारून. ती मी खाल्ली. नाक दहा मिनिटं धो धो वाहिलं आणि पुन्हा बंद. ऑफिसमधल्या एका योगप्रेमी सिनियरने तर मला लिफ्टमध्ये अनुलोम-विलोम शिकवायला घेतला. ज्या बाईच्या दोन्ही नाकपुड्या बंद आहेत, तिने अनुलोम तरी कशातून करायचा आणि विलोम तरी कशातून?

शेवटी सोसायटीच्या गेटजवळच्या मेडिकलवाल्या काकांनी एक इवलीशी बाटली पुढे केली. ‘‘हे दोन थेंब टाका. लगेच मोकळं.’’

आणि मंडळी, खरंच लगेच मोकळं! दोन मिनिटांत. तुमच्यापैकी ज्यांनी हे ड्रॉप्स घेतलेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. बोगद्यातून गाडी बाहेर यावी तशी हवा आत आली. मी त्या रात्री आठ तास झोपले. मला वाटलं, इतकी साधी गोष्ट कोणी आधी का नाही सांगितली?

बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. खोकं मी कचऱ्यात टाकलं.

पहिल्या आठवड्यात दोन थेंब रात्री. दुसऱ्या आठवड्यात सकाळी पण, कारण सकाळी मीटिंग. मग दुपारी, कारण ऑफिसचा एसी. मग रात्री तीन वाजता, कारण तीन वाजता जाग यायची ती तोंड कोरडं पडून, जीव घाबरून, आणि हात आपोआप उशीखाली जायचा. बाटली हाताला लागली नाही तर मला घाम फुटायचा. एकदा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या वाटेत लक्षात आलं की बाटली घरी राहिली. मी स्कूटर वळवून परत आले, पाऊण तास वाया घालवून. लीडला सांगितलं, पंक्चर झाली होती.

आणि वास गेला. कधी गेला ते कळलंच नाही. दिवाळीला सांगलीला गेले तेव्हा आईने चिवड्याची परात पुढे केली, ‘‘बघ गं, खमंग झालाय ना?’’ मी म्हटलं, ‘‘एकदम फर्स्टक्लास.’’ मला फक्त कुरकुरीत लागत होतं आणि खारट. खमंग वगैरे काही नाही. आईशी खोटं बोलले याचं वाईट वाटलं, पण तेवढंच. मनात म्हटलं, दोन थेंब टाकले की येईल वास परत.

आता तो डिसेंबरातला शुक्रवार सांगते.

वर्क फ्रॉम होम. रूममेट ऑफिसला. साडेसहाला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल. त्याआधी वाफ घ्यावी म्हणून मी पातेलंभर पाणी गॅसवर ठेवलं आणि खोलीत येऊन लॅपटॉप उघडला. कॉल दहा मिनिटं आधीच सुरू झाला. मी हेडफोन चढवला, दार लोटलं. इकडे पाणी उकळून उतू गेलं, बर्नरवर सांडलं, ज्योत विझली. बटण चालूच.

साधारण वीस मिनिटांनी दारावर धडाधड आवाज. हेडफोनमधूनही ऐकू आला इतका. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून उभ्या.

‘‘अगं, गॅस! अख्ख्या पॅसेजमध्ये वास भरलाय. तुला येत नाही का?’’

नव्हता येत. मी पॅसेजमध्ये उभी राहून दोनदा जोरात श्वास ओढून पाहिला. काहीच नाही.

बाहेर अंधारलं होतं, म्हणून स्वयंपाकघरात शिरताना माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. काकू अशा काही ओरडल्या, की तो आवाज मला आजही आठवतो. ‘‘हात लावू नकोस!’’ त्यांनी चाचपडत बर्नरचं बटण बंद केलं, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला, गॅलरीचं दार सताड उघडलं आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

नंतर काय झालं? काहीच नाही. घर हवेशीर झालं, काकूंनी चहा पाजला, क्लायंटला मी ‘इंटरनेट गेलं होतं’ असं सांगितलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि या वेळी कारण नाक नव्हतं. काकू आल्या नसत्या तर काय झालं असतं, ते मला अगदी पायरीपायरीने दिसत होतं. कॉल संपला असता. मी वाफ घ्यायला आत गेले असते. गॅस विझलेला दिसला असता. आणि मी लायटर उचलला असता.

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती आपल्याला कळावी म्हणूनच त्यात तो घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात. म्हणजे सगळी सुरक्षा माझ्या नाकावर सोपवलेली. आणि माझं नाक तर दोन थेंबांच्या भरवशावर!

दुसऱ्या दिवशी ईएनटी डॉक्टरांकडे गेले. पन्नाशीच्या बाई, शांत आवाज.

‘‘नाकात काही टाकतेस का?’’

‘‘अधूनमधून ड्रॉप्स.’’

त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मग मीच म्हटलं, ‘‘ऑक्टोबरपासून.’’

‘‘दिवसातून किती वेळा?’’

‘‘पाच-सहा.’’

‘‘एकूण बाटल्या किती आहेत तुझ्याकडे आत्ता?’’

एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक उशीखाली आणि एक स्कूटरच्या डिकीत. चार. मोठ्याने मोजल्या तेव्हा मलाच लाज वाटली.

मग त्यांनी कागदावर नाकाचं चित्र काढून जे समजावलं, ते मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून इथे सांगते.

आपल्याला वाटतं, बंद नाक म्हणजे शेंबडाने भरलेलं नाक. म्हणून आपण जीव खाऊन शिंकरत बसतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा नाक सुजेने बंद असतं. आत दोन्ही बाजूंना टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या. ॲलर्जीत शरीर हिस्टामिन वगैरे रसायनं सोडतं, या घड्या रक्ताने फुगतात आणि हवेची वाट बुजते. गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि पाठीमागे ज्या पोकळ्या आहेत, त्याच आपल्या सायनसच्या चार जोड्या. त्यांची तोंडंही नाकातच उघडतात. तीही सुजेने आवळली जातात आणि चेहरा जड होतो. वास ओळखणारा भाग नाकाच्या अगदी छतापाशी असतो. तिथवर हवाच पोचली नाही, तर वास येणार कुठून?

ड्रॉप्समधलं औषध, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, या रक्तवाहिन्या आवळून टाकतं. सूज एकदम बसते. पण औषधाचा अंमल उतरला की त्या पुन्हा फुगतात, आणि रोज घेत राहिलं तर आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. मूळ ॲलर्जी राहते बाजूला आणि औषधामुळेच नाक बंद पडायला लागतं. याला डॉक्टरी भाषेत चक्क नाव आहे, ‘रायनायटिस मेडिकामेंटोसा’. म्हणून हे ड्रॉप्स तीन दिवस, फार तर पाच. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं असतं. बीपी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घ्यायचेच नाहीत.

‘‘क्रेडिट कार्ड आहे ना तुझ्याकडे?’’ डॉक्टरांनी विचारलं. ‘‘दर महिन्याला मिनिमम ड्यू भरत राहिलं तर काय होतं? तेच तुझ्या नाकाचं झालंय. आता मुद्दल फेडावं लागेल. सावकाश.’’

सावकाश म्हणजे कसं, तर आधी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे सुरू केला. ‘स्टेरॉइड’ म्हटल्यावर माझा चेहरा पाहून त्या हसल्या. स्प्रेचा डोस अगदी थोडा असतो आणि काम मुख्यतः नाकातच करतो. पण तो थेंबांसारखा दोन मिनिटांत जादू दाखवत नाही. फरक जाणवायला काही दिवस लागतात, पूर्ण परिणामाला दोनेक आठवडे. इथेच निम्मे लोक ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. आणि तो मारायचीही पद्धत आहे. मान थोडी पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, रोख मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेला. आणि मारताना जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध सरळ घशात.

मग ड्रॉप्स बंद करायचे, एका वेळी एकाच नाकपुडीचे. आधी उजवीचे बंद, डावीचे चालू. उजवी सुधारली की डावीचे. म्हणजे एक तरी खिडकी उघडी राहते. ऐकायला सोपं आहे. पण त्या पहिल्या चार रात्री मी दोन उशा पाठीशी लावून, मनातल्या मनात डॉक्टरांना शिव्या घालत बसून काढल्या. पाचव्या रात्री कधीतरी झोप लागली आणि सकाळी उजव्या बाजूने हवा येत होती. स्वतःची, बिनथेंबांची.

तिसरं, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आपल्याकडची जलनेतीच, फक्त मेडिकलमध्ये त्याच्या बाटल्या आणि मोजून भरलेल्या पुड्या मिळतात. पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर कोमट पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ. वॉशबेसिनवर वाकायचं, डोकं एका बाजूला कलतं करायचं, तोंडाने श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं. ते दुसरीतून बाहेर येतं. पहिल्यांदा मला वाटलं मी विहिरीत पडलेय. आठवडाभरात सवय झाली. एक धोक्याची सूचना: नंतर अर्ध्या तासाने चपलेचा पट्टा लावायला वाकलात की राहिलेलं पाणी अचानक बाहेर येतं. माझं लिफ्टमध्ये आलं.

पण पाणी कसलं? नळाचं थेट अजिबात नाही. किमान एक मिनिट खळखळून उकळलेलं आणि मग कोमट केलेलं. हा सोवळेपणा नाही. २०११मध्ये अमेरिकेत लुईझियाना राज्यात नळाचं पाणी वापरून नेती करणारे दोघं जण मेंदूत अमिबाचा संसर्ग होऊन दगावले. २०२४ आणि २०२५मध्ये केरळातही अशा अमिबाच्या संसर्गाचे रुग्ण सापडले. हे पाणी प्यायल्याने असा संसर्ग होत नाही, नाकात वर गेलं तर होऊ शकतो. प्रकार अतिशय दुर्मीळ, पण उकळायला लागतात किती मिनिटं? (आणि हो, उकळताना ओट्यापाशी उभं राहायचं. मी आता राहते.)

मग आपल्या लाडक्या वाफेचं काय? २०१६मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय जर्नलमध्ये एक ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्यांना त्यात नाक धुण्याने थोडा फायदा झाला. वाफेने डोकेदुखी जरा कमी झाली, बाकी काही खास नाही. बरं वाटतं, हे खरं. बरं वाटायला माझी हरकत नाही. फक्त टॉवेलखाली उकळतं पातेलं मांडीवर घेऊन बसू नका.

बामाची गंमत तर अजून वेगळी. त्यातलं मेन्थॉल नाक उघडतच नाही. ते थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं आणि मेंदूला वाटतं, वा, काय गार हवा येतेय! नाक आहे तेवढंच बंद. थंडी ओळखणाऱ्या या रिसेप्टरचा शोध मेन्थॉलच्याच मदतीने लागला, आणि तो लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. म्हणजे आजीने छातीला बाम चोळला की आपण नोबेलच्या विषयात रमायचो!

आणि गोळ्या? ऑफिसात प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एक पत्ता असतोच. सेटिरिझिन शिंका आणि खाजेवर चांगली, पण अनेकांना झोप आणते. चोंदलेल्या नाकावर तिचा जोर कमी. फेक्सोफेनाडिनने पेंग कमी येते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत ‘नाक मोकळं करणारं’ म्हणून फेनिलेफ्रिन घातलेलं असतं. ते पोटातून घेतल्यावर नाकावर परिणाम करत नाही, असं अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने २०२३मध्ये एकमताने सांगितलं. आणि ‘मॉन्टेलुकास्ट’ असलेली जोडगोळी आपण मित्राच्या पाकिटातून मागून घेतो, तिच्यावर तर एफडीएने २०२०मध्ये मन:स्वास्थ्यावरच्या दुष्परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला. ती कोणी घ्यायची आणि कोणी नाही, हे डॉक्टरांनी ठरवू दे. शेजारच्या क्युबिकलने नको.

घरातही थोडे बदल केले. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात. गादीला चेनचं कव्हर. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची. (पहिल्यांदा काढली तेव्हा त्यावर घोंगडीच विणली गेली होती.) झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं. आणि स्कूटरवर तो आपला पुणेरी स्कार्फ, डोळे सोडून सगळं झाकणारा. फक्त तो धुवायचा असतो, हे मला आत्ता कळलं.

एक कात्रण फ्रिजवर लावायला:

* ड्रॉप्स तीन ते पाच दिवस. सुरू केल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.
* नाक धुवायचं ते उकळून कोमट केलेल्या पाण्यानेच. आधी धुणं, मग दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे.
* शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, हळू.
* दर वेळी एकाच बाजूचं डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय? ते सायनस नसून मायग्रेन असू शकतं. एकदा विचारून घ्या.
* डोळ्याभोवती सूज, दिसण्यात फरक, जोराचा ताप किंवा मान आखडणं असेल तर ‘सोमवारी बघू’ नको. त्याच दिवशी डॉक्टर. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल तरी दाखवून घ्या.
* वास येत नसेल तर घरातल्यांना तसं सांगा. गॅसची गळती वाटली तर दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ला फोन करा.

माझा वास परत आला तो जानेवारीच्या शेवटी. पहिला वास कशाचा असावा? मला वाटलं होतं मोगरा, कॉफी, असं काहीतरी सुंदर. तो होता ओट्यावरच्या ओल्या फडक्याचा. कुबट, घाणेरडा. मी ते फडकं नाकाशी धरून उभी राहिले. रूममेटला वाटलं, माझं डोकं फिरलं. तिला वास देऊन म्हटलं, ‘‘घाण येतोय ना? मला पण येतोय!’’

पुढच्या शनिवारी सांगलीला गेले. आईने आमटीला फोडणी दिली आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडले, ‘‘आई, हिंग जास्त पडलाय!’’ ती म्हणाली, ‘‘आता आलीस वळणावर.’’ मग मी तिला चिवड्याचं खरं काय ते सांगितलं. ‘‘कळलं होतं मला,’’ ती म्हणाली. ‘‘तुला चिवडा आवडला की तू पळी घेऊन बसतेस. त्या दिवशी ताटलीत टाकून दिलास.’’

तीन बाटल्या मी फेकल्या. चौथी ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच आहे, सील न फोडलेली. परवा टीममधली नवी मुलगी लाल नाक घेऊन माझ्या डेस्कशी आली. ‘‘ताई, तुमच्याकडे ते ड्रॉप्स असतात म्हणे. दोनच थेंब द्या ना. बाझं दाक पार बंद झालंय.’’

मी ड्रॉवर उघडला, पण बाटली लगेच दिली नाही.

‘‘देते. आधी सांग, आज कितवा दिवस?’’

ती काही बोलली नाही. मी नुसती बघत राहिले.

‘‘अधूनमधून घेते,’’ ती म्हणाली.

मी ड्रॉवर बंद केला आणि तिला डॉक्टरांचा नंबर दिला.